दोन सैल शब्द आणि एक बंद दार : ट्रायँगल कारखान्याच्या आगीचं प्रकरण

१९११च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कोर्टात सरकार पक्षाने पुराव्यादाखल एक कुलूप मांडलं. जळून कोळसा झालेल्या लाकडाच्या तुकड्यात ते अजून अडकलेलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये ट्रायँगल या शिवणकारखान्याच्या आगीत १४६ माणसं मेली; त्या आगीनंतर काही दिवसांनी नवव्या मजल्याच्या राखेत ते सापडलं होतं आणि त्याचा दांडा बाहेर आलेला होता, म्हणजे कुलूप लावलेलं होतं. आरोपींच्या वकिलाने विचारलं, हे त्याच दाराचं कशावरून? तीन आठवडे सुनावणी चालली. ज्युरींना निकाल द्यायला दोन तासही लागले नाहीत. कारखान्याचे दोन्ही मालक निर्दोष सुटले.

त्याच आगीनंतर तीनेक वर्षांत न्यूयॉर्क राज्याने कामगारांसाठी छत्तीसच्या आसपास कायदे केले. एकाच घटनेतून कोर्टात शून्य निघालं आणि विधिमंडळात एवढं पीक आलं. असं का, हा या प्रकरणाचा गाभा. नेहमी सांगितलं जातं ते असं : माणसं मेली, लोक खवळले, कायदे झाले. मला हे उत्तर पुरत नाही. चारच महिने आधी, नोव्हेंबर १९१०मध्ये, शेजारच्या न्यूअर्क शहरात कारखान्याला आग लागून पंचवीसेक बायका-मुली मेल्या होत्या. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे प्रमुख एडवर्ड क्रोकर तेव्हाच म्हणाले होते की हे आपल्या शहरातही होणार. लोक तेव्हाही हळहळले आणि पुढे काही झालं नाही. हळहळीला कुठेतरी कागदावर उतरावं लागतं, आणि कागदावर कोणते शब्द उतरतात यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

इमारत पास होती

मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर अ‍ॅश बिल्डिंग नावाची दहा मजली इमारत होती. बांधून जेमतेम दहा वर्षं झालेली. वरच्या तीन मजल्यांवर ट्रायँगल वेस्ट कंपनीचा कारखाना. तिथे 'शर्टवेस्ट' शिवत, म्हणजे बायकांसाठी पुरुषी शर्टाच्या वळणाचा, पुढे बटणं असलेला ब्लाऊज. ऑफिसात टाईपरायटरवर बसणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या नव्या बायकांचा तो जणू गणवेशच होता. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस यांना धंद्यात 'शर्टवेस्टचे राजे' म्हणत. तेही पूर्व युरोपातून आलेले ज्यू, आणि शिलाईच्याच कामातून वर चढलेले. कामगार पाचशेच्या आसपास. बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, सोळा ते तेवीस वयाच्या, काही त्याहून लहान. आठवड्याला ५२ तास काम आणि साधारण सात ते बारा डॉलर पगार.

इमारत 'फायरप्रूफ' होती आणि ही थाप नव्हती. आगीनंतरही तिच्या भिंती ठाम उभ्या राहिल्या. आजही ती उभी आहे, न्यूयॉर्क विद्यापीठाकडे आहे. पण त्या वेळच्या बांधकामाच्या नियमात १५० फुटांपेक्षा बुटक्या इमारतीला लाकडी फरशी आणि लाकडी चौकटी चालत. अ‍ॅश बिल्डिंग १३५ फूट. मजल्याच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने तीन जिने हवे होते. बांधले दोन. वास्तुविशारद म्हणाला, मागच्या चौकात लोखंडी जिना आहे, तो तिसरा धरा. खात्याने धरला. तो लोखंडी जिना खाली रस्त्याला पोचतच नव्हता, तळघरावरच्या काचेच्या छतापाशी संपत होता.

आता पहिला सैल शब्द. राज्याच्या कामगार कायद्यात कलम होतं : कारखान्याची दारं 'शक्य असेल तिथे' बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत, आणि कामाच्या वेळात त्यांना कुलूप किंवा कडी नसावी. अ‍ॅश बिल्डिंगमध्ये जिन्याची शेवटची पायरी दारापासून एका पावलावर होती. दार बाहेर उघडायला जागाच नाही, मग ते आत उघडणारं केलं. 'शक्य' नव्हतं ना! कायदा मोडलाही नाही आणि पाळलाही नाही. आत उघडणाऱ्या दारावर पन्नास माणसं एकदम रेटली की ते दार राहत नाही, भिंत होते.

कुलपाबद्दल मात्र कलम स्पष्ट होतं. तरी कुलूप का? संध्याकाळी सुटताना सगळ्यांनी ग्रीन स्ट्रीटच्या बाजूच्या एकाच दाराने बाहेर पडायचं आणि पहारेकऱ्यापुढे पर्स उघडून दाखवायची, अशी पद्धत होती. कोणी लेस किंवा तयार ब्लाऊज चोरू नये म्हणून. दुसरं, वॉशिंग्टन प्लेसच्या जिन्याकडचं दार, त्यासाठी बंद. ग्रीन स्ट्रीटकडेही लाकडी आडोसा टाकून वाट एका वेळी एकच बाई जाईल इतकी अरुंद केलेली.

तपासणारं कोणी नव्हतं असंही नाही. शहराचं बांधकाम खातं, अग्निशमन दल, राज्याचं कामगार खातं, सगळे होते. प्रत्येकाच्या हद्दीत थोडं थोडं आणि म्हणून कोणाच्याच हद्दीत पूर्ण नाही. १९०९मध्ये विम्याच्या संदर्भात एका आग-प्रतिबंधक तज्ज्ञाने हा कारखाना पाहिला, दार बहुधा बंद असतं हे नोंदवलं आणि फायर ड्रिल घ्या असं सुचवलं. ड्रिल शिकवू शकणाऱ्या अभियंत्याने मालकांना पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

आणि मुलींनीही सांगितलं होतं. १९०९च्या शरदात याच कारखान्यातून संप सुरू झाला. २२ नोव्हेंबरला कूपर युनियन या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं ऐकून कंटाळलेली क्लारा लेमलिक व्यासपीठावर चढली, यिडिश भाषेत सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला, आणि दुसऱ्या दिवसापासून वीस हजारांवर शिवणकामगार रस्त्यावर आले. पोलिसांनी शेकडोंना पकडलं, मारहाण झाली. फेब्रुवारी १९१०पर्यंत बहुतेक छोट्या मालकांनी युनियनशी करार केले. ट्रायँगलने तास आणि पगारात थोडं दिलं, युनियन मात्र मान्य केली नाही. आगीनंतर तिथल्या एका संपकरी मुलीने सांगितलं की उघडी दारं आणि धड सुटकेचे जिने याही आमच्या मागण्या होत्या.

अठरा मिनिटं

२५ मार्च १९११, शनिवार. पगाराचा दिवस. पावणेपाचला सुट्टीची घंटा व्हायची होती. त्याआधी काही मिनिटं आठव्या मजल्यावर, कटरच्या टेबलाखालच्या चिंध्यांच्या पेटीत आग दिसली. कापड कापणाऱ्या पुरुषांना तिथे विडी-सिगारेट ओढायची मनाई होती आणि ते ओढत. न विझलेली काडी किंवा थोटूक हेच कारण असावं, असा पुढे अग्निशमन अधिकाऱ्यांचा निष्कर्ष. चिंध्या नेणारा व्यापारी जानेवारीनंतर आलाच नव्हता. दोन महिन्यांचं तलम सुती कापड आणि टिश्यू कागद टेबलांखाली साठलेला. वर तारेवर कागदी नमुने टांगलेले. बादल्यांनी काही होईना, होसपाइपला पाणी नाही.

आठव्या मजल्याने दहाव्या मजल्यावरच्या ऑफिसला कळवलं. मालक तिथेच होते, ब्लँकच्या मुलीही आलेल्या होत्या. ते सगळे गच्चीवर गेले आणि शेजारच्या इमारतीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लावलेल्या शिड्यांवरून वाचले. नवव्या मजल्याला कोणी कळवलं नाही. तिथे शिवणयंत्रांच्या लांबच लांब रांगांमधून अडीचशेच्या आसपास माणसं होती, आणि त्यांना आगीची बातमी आगीनेच दिली.

पुढचं थोडक्यात सांगतो. ग्रीन स्ट्रीटच्या जिन्याने काही निघाल्या, मग तो ज्वाळांनी बंद झाला. वॉशिंग्टन प्लेसचं दार उघडेना. किल्ली ज्याच्याकडे असे तो दुसऱ्या वाटेने निघून गेला होता. मागचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने आणि आचेने वाकला आणि वीसेक जणांसकट कोसळला. जोसेफ झिटो आणि गॅस्पर मॉर्टिलारो हे दोन लिफ्टवाले जमेल तोवर वर-खाली करत राहिले. शेवटी माणसं लिफ्टच्या बोळात उड्या टाकू लागली. अग्निशमनच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत. खाली धरलेल्या जाळ्या एकदम तिघी-चौघींच्या वजनाने फाटल्या. पन्नासहून अधिक माणसं खिडक्यांतून पडून गेली. अठरा मिनिटांत आग आटोक्यात आली. मृत १४६ : १२३ बायका-मुली, २३ पुरुष. सर्वांत लहान दोघी चौदा वर्षांच्या.

जवळच्या वॉशिंग्टन स्क्वेअर चौकात चहाला आलेली एक तीस वर्षांची बाई बंबांची घंटा ऐकून धावत आली आणि रस्त्यावर उभी राहून हे सगळं पाहत होती. तिचं नाव फ्रान्सिस पर्किन्स. ग्राहक संघटनेसाठी कारखान्यांची पाहणी करणं हेच तिचं काम होतं. तिच्याकडे पुढे येऊच.

या शनिवारच्या आदल्याच दिवशी, २४ मार्चला, न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने आइव्हज खटल्यात निकाल देऊन राज्याचा १९१०चा कामगार नुकसानभरपाई कायदा रद्द केला होता. मालकाची चूक सिद्ध न करता त्याच्याकडून पैसे घेणं म्हणजे कायदेशीर प्रक्रियेविना त्याची मालमत्ता काढून घेणं, असं न्यायालय म्हणालं. आगीत पोर गमावलेल्या आईबापांपुढे एकच वाट होती : मालकाची चूक, मालकाच्याच विरोधात, सिद्ध करून दाखवा.

'ठाऊक होतं'

ब्लँक आणि हॅरिस यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला मार्गारेट श्वार्ट्झ या एकाच मुलीच्या मृत्यूबद्दल चालला. तर्क साधा होता : दाराला कुलूप लावणं बेकायदा, त्या कुलपामुळे ती मेली, म्हणून मनुष्यवध. आरोपींचा वकील मॅक्स स्टॉयर. तोही लहानपणी याच वस्तीत, याच शिलाईच्या धंद्यात घासलेला आणि म्हणून साक्षीदारांना आतून ओळखणारा. केट ऑल्टरमन ही मुलगी मार्गारेटच्या शेवटच्या क्षणांची साक्षीदार. स्टॉयरने तिला हकिगत पुन्हा सांगायला लावली, मग पुन्हा. दर वेळी जवळपास तेच शब्द आले. पढवून आणलेली पोपटपंची आहे, हे त्याला ज्युरींच्या मनात भरवायचं होतं, आणि ते भरलं. परक्या भाषेत, भर कोर्टात, मैत्रिणीचं मरण सांगणारी मुलगी घोटवून आलेल्या शब्दांना धरून राहील, यात मला तरी नवल वाटत नाही. पण ते ज्युरींना समजावणारं कोणी नव्हतं.

न्यायाधीश क्रेन यांनी ज्युरींना सांगितलं ते निर्णायक. दार त्या वेळी कुलूपबंद होतं एवढं पुरे नाही. ते त्या वेळी कुलूपबंद आहे हे आरोपींना *ठाऊक होतं* याची निःसंशय खात्री हवी. हा दुसरा सैल शब्द. दहाव्या मजल्यावर बसलेल्या माणसाला नवव्या मजल्यावरच्या दाराची संध्याकाळी पावणेपाचला काय अवस्था आहे ते ठाऊक होतं, हे कोण सिद्ध करणार? निकालानंतर एका ज्युरीने बोलून दाखवलं की दार बंद होतं अशी त्याची खात्री झाली होती, पण त्यांना माहीत होतं की नाही याची झाली नाही. २७ डिसेंबर १९११ला दोघे सुटले. बाहेर जमलेल्या नातेवाइकांपासून त्यांना लपवत न्यावं लागलं.

पैशाचा हिशेबही सांगून टाकतो. १९१४मध्ये तेवीस कुटुंबांचे दिवाणी दावे एका जिवामागे ७५ डॉलर देऊन मिटले. विमा कंपन्यांनी मालकांना त्याआधीच, सिद्ध झालेल्या नुकसानीपेक्षा सुमारे साठ हजार डॉलर जास्त दिले होते. भागाकार करून पाहा, एका मृत्यूमागे चारशेच्या वर पडतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच.

स्मिथचा सल्ला

५ एप्रिलला भर पावसात लाखाहून अधिक लोकांची अंत्ययात्रा निघाली. त्याआधी, २ एप्रिलला, मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये सभा झाली. खाली खुर्च्यांवर शहरातले प्रतिष्ठित, वर गॅलऱ्यांमध्ये पूर्व वस्तीतले, म्हणजे लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या भागातले कामगार. प्रतिष्ठितांचे ठराव चालू असताना वर गोंधळ सुरू झाला. मग रोझ श्नायडरमन ही टोप्या शिवणारी, बुटकीशी कामगार कार्यकर्ती बोलली, अगदी हळू आवाजात. तिचा आशय असा : इथे येऊन तुमच्याशी गोडगोड बोलले तर त्या जळालेल्या देहांशी गद्दारी होईल, आम्ही तुम्हाला पारखून पाहिलं आणि तुम्ही कमी पडलात. सभेतून सुरक्षा समिती निघाली, आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या शिफारशीने तिची चिटणीस म्हणून पर्किन्स आली.

समितीची माणसं राजधानी ऑल्बनीला गेली ती एक चांगली कल्पना घेऊन : गव्हर्नरने शहरातल्या निष्कलंक, थोरामोठ्या नागरिकांचं मंडळ नेमावं आणि चौकशी करावी. तिथे विधानसभेतला बहुमताचा नेता अल् स्मिथ त्यांना भेटला आणि त्याने ती कल्पना मोडीत काढली. पर्किन्सच्या आठवणीत त्याचं म्हणणं असं होतं : गव्हर्नरच्या थोर मंडळाचा अहवाल आमची माणसं वाचायची नाहीत. आमच्यातलेच लोक घालून विधिमंडळाचा आयोग करा. आपल्या माणसांनी आणलेलं विधेयक पाडायला सभागृहाला लाज वाटते.

हा स्मिथ कोण होता? बाप गेला म्हणून चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला, मासळीबाजारात राबलेला, आणि टॅमनी हॉलचा माणूस. टॅमनी हॉल म्हणजे न्यूयॉर्कची डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणा. वॉर्डावॉर्डात त्यांचा माणूस. नोकरी, थंडीत कोळसा, पोलीस ठाण्यातून सोडवणूक, सणाला जेवण, आणि बदल्यात मत. आपल्याकडे 'साहेबांचं ऑफिस' म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, तेच. सुधारकांच्या लेखी टॅमनी म्हणजे सगळ्या रोगांचं मूळ. दोनच वर्षांपूर्वी संपकरी मुलींना झोडपणारे पोलीस आणि त्यांना दंड ठोकणारे मॅजिस्ट्रेट याच यंत्रणेच्या मेहेरबानीवर होते. आता टॅमनीचा सर्वेसर्वा चार्ल्स मर्फी पाहत होता की पूर्व वस्तीतली नवी ज्यू आणि इटालियन मतं समाजवाद्यांकडे सरकताहेत. त्याने स्मिथला आणि सिनेटमधला नेता रॉबर्ट वॅग्नरला मोकळीक दिली. हेतू शुद्ध होता का, या प्रश्नावर मी फार वेळ घालवत नाही. दार बाहेर उघडलं की झालं.

३० जून १९११ला कारखाना चौकशी आयोगाचा कायदा झाला. वॅग्नर अध्यक्ष, स्मिथ उपाध्यक्ष. सदस्यांत कामगार महासंघाचे सॅम्युएल गॉम्पर्स, महिला कामगार संघटनेच्या मेरी ड्रायर, आणि मालमत्ता व्यवसायातलेही एक गृहस्थ होते. सुरुवातीची तरतूद दहा हजार डॉलर. वकील एब्रम एल्कस बिनपगारी काम करायला तयार झाले. साक्षीदारांना बोलावण्याचा आणि कारखान्यात शिरण्याचा अधिकार आयोगाला होता, आणि चौकशी आगीपुरती ठेवलेली नव्हती. आरोग्य, स्वच्छता, बालमजुरी, घरी नेऊन केलेलं काम, सगळं त्यात आलं.

पहिल्याच वर्षी १,८३६ जागांची तपासणी, २२२ साक्षी, ३,४८९ पानांची जबानी. डॉ. जॉर्ज प्राइस यांनी आरोग्य तपासणीची सूत्रं हाती घेतली. त्यांची माणसं प्रश्नावली घेऊन जात : जिन्याची रुंदी किती, खिडकीची कडी कुठून निघते, संडास किती माणसांमागे एक, मजल्यावर माणसं किती. कोणी दुष्ट आहे का, असं त्या कागदात कुठेही विचारलेलं नव्हतं. मला या प्रकरणातला कळीचा बदल इथे दिसतो. कोर्टाचा प्रश्न होता, तुला ठाऊक होतं का? आयोगाचा प्रश्न होता, किती इंच? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या मनात दडलेलं असतं, दुसऱ्याचं टेप लावून मिळतं.

आकड्यांनी विधेयकं लिहिली जातात, मतं मिळत नाहीत, हे पर्किन्सला पक्कं कळलेलं. तिने आमदारांना हाताला धरून नेलं. एका ठिकाणी वॅग्नरला भिंतीतल्या भोकातून रांगत बाहेर काढलं. पुढे बर्फ साठलेली शिडी, जमिनीपासून बारा फुटांवर संपणारी, आणि वर पाटी 'फायर एस्केप'. दोरखंडाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका स्मिथला दाखवल्या. डबाबंद फळं-भाज्यांच्या कारखान्यात पहाटेच शेंगा मोडत बसलेली पाच-सहा-सात वर्षांची पोरं दाखवली. मासळीबाजारात वाढलेल्या माणसाला गरिबीची ओळख करून द्यायची गरज नव्हती. पण गरिबी 'नियमात बसते' हे त्याने असं पाहिलं नव्हतं.

अर्धी भाकरी

१९१२ साली विधानसभेत बहुमत रिपब्लिकनांकडे गेलं होतं. आयोगाने पंधरा विधेयकं मांडली, आठ पार झाली. याच अधिवेशनात बायकांच्या कामाचा आठवडा ५४ तासांवर आणणारं विधेयकही होतं, आणि त्यात एक खोच मारलेली होती : डबाबंद पदार्थांचे कारखाने वगळायचे. विरोधकांचा होरा असा की सुधारक मंडळी हे तुटकं विधेयक स्वीकारणार नाहीत, आणि ते आपोआप मरेल. पर्किन्सच्या वरिष्ठ फ्लॉरेन्स केली यांचं धोरण ठाम होतं, सवलत नको. ऑल्बनीत त्या रात्री पर्किन्स एकटी. तिने ठरवलं, घ्यायचं. कारखान्यांतल्या लाखो बायका पदरात पडताहेत, डबेवाल्या पुढच्या वर्षी.

मतदान आलं तेव्हा दोन मतं कमी. 'बिग टिम' सलिव्हन, पूर्व वस्तीचा टॅमनी दादा, आणि त्याचा चुलतभाऊ क्रिस्टी, हडसन नदीवरून न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बोट पकडायला निघून गेले होते. निरोप गेला, दोघे टेकडी चढून धापा टाकत परत आले, मतं पडली. बहीण लहानपणीच कामाला लागली होती, त्या आठवणीने आपण हे करतोय, असं टिमने पर्किन्सला सांगितलं होतं. जुगाराच्या अड्ड्यांवरून वर्षानुवर्षं बदनाम झालेल्या माणसाच्या मताने हा कायदा पार पडला, हे मला आवडतं. डबेवाल्यांची सरसकट सवलत पुढच्या वर्षी गेलीही. साप्ताहिक सुट्टीतूनही आपल्याला वगळा म्हणणाऱ्या कारखानदारांना स्मिथने उत्तर दिलं होतं की शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळण्याची बायबलमधली आज्ञा आपण नीट वाचली आहे, 'डब्यांचे कारखाने सोडून' असं त्यात कुठे सापडलं नाही.

१९१३मध्ये स्मिथ विधानसभेचा अध्यक्ष झाला आणि आयोगाच्या अठ्ठावीस विधेयकांपैकी पंचवीस मंजूर झाली. १९१२ आणि १९१३ मिळून पदरात पडलं ते असं : सातव्या मजल्याच्या वर दोनशेपेक्षा जास्त माणसं काम करत असतील तर पाणी आपोआप फवारणारे स्प्रिंकलर सक्तीचे. फायर ड्रिल सक्तीचं. चिंध्यांसाठी न पेटणाऱ्या पेट्या. मजल्यावर किती माणसं बसवायची हे जिन्याच्या रुंदीवरून ठरणार. बायकांना रात्रपाळी बंद, आठवड्याला एक दिवस सुट्टी, चौदा वर्षांखालच्या मुलांना डबाबंद कारखान्यांच्या छपऱ्यांतही मनाई. शिवाय कामगार खात्याची नव्याने उभारणी आणि एक औद्योगिक मंडळ, ज्याला तपशिलाचे नियम स्वतः करता येतील. हे शेवटचं सगळ्यांत कमी गाजलं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. 'शक्य असेल तिथे' हे शब्द कायद्यात येतात कारण एकच वाक्य बेकरीला, गिरणीला आणि दहा मजली शिवणघराला लावायचं असतं. नियम करणारं मंडळ असलं की बेकरीसाठी वेगळा आकडा लिहिता येतो आणि पळवाटेची गरजच उरत नाही.

बायकाच का, पुरुषांच्या तासांवर मर्यादा का नाही, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात आहे. १९०५च्या लॉकनर निकालात त्याने न्यूयॉर्कचाच, बेकरी कामगारांना दहा तासांची मर्यादा घालणारा कायदा कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला होता. १९०८च्या म्युलर खटल्यात मात्र ओरेगन राज्याचा बायकांपुरता कायदा मान्य केला, त्यांच्या शरीराचं आणि मातृत्वाचं कारण देऊन. सुधारकांनी उघडं सापडलेलं दार वापरलं. त्या दाराच्या चौकटीवर 'बाई अबला' असं कोरलेलं होतं, आणि पुढे समान हक्कांच्या चळवळीत याच कायद्यांवरून बायकांच्या संघटनांत उभी फूट पडली. तो हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

आयोगाच्या कागदांची खरी कसोटी १९१५मध्ये लागली. आठ वर्षांपूर्वी, १९०७मध्ये, न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी रद्द केली होती. आता तीच बंदी नव्या कायद्याने पुन्हा समोर आली, आणि तेच न्यायालय म्हणालं, वैध. काय बदललं? आधीच्या वेळी आरोग्यावरचा परिणाम दाखवणारी माहिती आमच्यापुढे नव्हती, आता कारखाना आयोगाच्या चौकशीतून ती आली आहे, अशा आशयाचं कारण निकालात आहे. हजारो पानांची जबानी न्यायाधीशांनी मोजली. नुकसानभरपाईचंही तसंच : आइव्हज निकालाला वळसा घालायला १९१३मध्ये राज्यघटनाच दुरुस्त केली, १९१४मध्ये नवा कायदा लागू झाला, आणि त्यात मालकाची चूक सिद्ध करण्याची अटच उरली नाही.

जे झालं नाही तेही मोठं होतं. आयोगाने शेवटी पगारांची चौकशी केली आणि बायका-मुलांसाठी किमान वेतनाची शिफारस केली. ती बारगळली, न्यूयॉर्कला किमान वेतनाचा कायदा करायला १९३३ उजाडलं. घरी नेऊन केल्या जाणाऱ्या शिवणकामावर आयोगाचा टेप फारसा चालला नाही, आणि इमारतमालकांनी खर्चाच्या नावाने ओरड सुरू ठेवली ती ठेवलीच.

माणसं पुढे कुठे गेली तेवढं सांगतो. स्मिथ चार वेळा गव्हर्नर झाला, १९२८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून हरला. वॅग्नरच्या नावाने १९३५चा, युनियन करण्याचा हक्क देणारा राष्ट्रीय कायदा ओळखला जातो. पर्किन्स १९३३ ते १९४५ अमेरिकेची कामगार मंत्री होती, मंत्रिमंडळातली पहिली बाई. न्यू डीलचा, म्हणजे १९३०च्या दशकातल्या मंदीत फ्रँकलिन रूझवेल्ट सरकारने आणलेल्या सुधारणांचा, जन्म २५ मार्च १९११चा, असं ती सांगायची. तिने एम.ए. केलं कोलंबिया विद्यापीठातून, १९१०मध्ये. त्याच कोलंबियात १९१३च्या जुलैत, आयोगाचं काम भरात असताना, बाबासाहेब आंबेडकर शिकायला दाखल झाले. १९४२मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले तेव्हा पर्किन्स वॉशिंग्टनमध्ये त्याच खात्याच्या खुर्चीवर होती. यातून कोणाचा कोणावर प्रभाव सिद्ध होत नाही. मुंबईच्या गिरण्यांचा प्रश्न बाबासाहेबांना न्यूयॉर्कने शिकवायची गरज नव्हती. पण ही दोन नावं एका विद्यापीठात, दोन-तीन वर्षांच्या फरकाने, हे लक्षात राहतं खरं.

आणि मॅक्स ब्लँक? आगीनंतर कंपनीने दुसऱ्या पत्त्यावर कारखाना थाटला. १९१३च्या उन्हाळ्यात तिथे निरीक्षक आला, तर आत दीडशेच्या आसपास कामगार आणि दाराला साखळी. ब्लँकला अटक झाली. या वेळी खटला मनुष्यवधाचा नव्हता; दार कामाच्या वेळात बंद होतं, एवढंच. त्याला ठाऊक होतं की नाही, यावर साक्षी-उलटतपासण्या रंगल्या नाहीत. गुन्हा लागला. दंड वीस डॉलर.